गोळी सोडविण्याचा मोह

सातारा व सांगली जिल्ह्यांत चिकित्सा करणाऱ्या वैद्यबंधु-भगिनींना हा प्रसंग अपरिचित नसावा. थायरॉईड मंदावलेली रुग्णा सांगते, “होमिओपॅथी सुरू केली, थायरॉक्झिनची गोळी सोडली, छान वाटते आहे.” कोरेगाव तालुक्यातील अशीच एक भगिनी माझ्याकडे आली, तेव्हा गोळी सोडून पाच महिने झाले होते. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, नाडी मंद. पहिला महिना मात्र तिला खरोखरच बरे वाटले होते.

फसगत होते ती येथेच. शरीरातील थायरॉक्झिन निम्मे होण्यास सुमारे ७ दिवस लागतात. त्यामुळे गोळी थांबली तरी काही आठवडे तिचाच आधार टिकतो आणि श्रेय नव्या औषधास मिळते. शिवाय किंचित वाढलेला टीएसएच किंवा प्रसूतीनंतरची ग्रंथीची मंदता पुष्कळदा आपोआप पूर्ववत होते. मेंढीच्या ग्रंथीपासून केलेल्या ‘थायरॉइडिनम’मध्ये ३० च्या शक्तीला मूळ द्रव्याचा रेणूही उरत नाही. १८९१ साली जॉर्ज मरे यांनी मेंढीच्याच ग्रंथीचा अर्क देऊन एका रुग्णेस बरे केले, ते त्यातील संप्रेरकाच्या प्रत्यक्ष मात्रेमुळे. ती पुढे २८ वर्षे जगली, तीही उपचार चालू ठेवूनच.

परंतु दुसऱ्या पद्धतीस दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. कांचनार गुग्गुळ लिहून ‘गोळी सुटेल’ असे आश्वासन आपल्यातीलही अनेकजण देतात. आरंभीच्या काळात मीही दिले आहे. शार्ङ्गधरांनी हा योग गंडमाला, अपची, अर्बुद, ग्रंथी यांसाठी सांगितला. संप्रेरकाच्या अभावाची पूर्ती हे त्याचे कार्य नव्हे. सुश्रुताचार्यांनी तर वर्ष उलटलेला, स्वर भंगलेला गलगंडाचा रुग्ण वर्ज्य मानला. आपली मर्यादा ओळखणे ही शास्त्राचीच आज्ञा आहे.

अग्निमांद्य, मलावष्टंभ, अंगगौरव यांवर आपली चिकित्सा अवश्य द्यावी, पण गोळी चालू ठेवून. लोह व कॅल्शियम थायरॉक्झिनचे शोषण घटवितात. म्हणून मंडूर, प्रवाळ, शंखभस्म यांचे कल्प गोळीनंतर चार तासांनी द्यावेत. मात्रेतील बदल टीएसएच पाहून, मूळ चिकित्सकाच्या संमतीनेच व्हावा. गर्भिणीच्या बाबतीत तर तडजोड नकोच. आरंभीच्या महिन्यांत गर्भाच्या मेंदूची वाढ मातेच्या संप्रेरकावरच अवलंबून असते.

गोळी सोडविल्याने वैद्याची कीर्ती चार दिवस वाढेल. तिची किंमत मात्र रुग्णेला मोजावी लागेल. इत्यलम्.