गंगाजी नाईकांना ‘विल्यम टेल’ म्हणू नका

स्वित्झर्लंड फिरून परतलेल्या इतिहासप्रेमी मराठी प्रवाशाला एक उपमा हमखास मोहात पाडते : भिवंडीजवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक म्हणजे आपले विल्यम टेल! परकी सत्ता, दुर्गम मुलूख, स्वातंत्र्याची तळमळ, सारे जुळते. उपमा गोड आहे, म्हणूनच घातक आहे.

मुलाच्या डोक्यावरचे सफरचंद बाणाने उडवणारा टेल १३०७ मधला मानतात. त्याची कथा मात्र लिखित स्वरूपात प्रथम आढळते ती १४७० च्या सुमारास, सार्नेनच्या ‘श्वेत ग्रंथा’त. समकालीन कागद एकही नाही. अशीच बाण-सफरचंदाची गोष्ट सॅक्सो या डॅनिश इतिहासकाराने त्याच्या अडीच शतके आधी लिहून ठेवली होती. १७६० मध्ये उरिएल फ्रॉयडेनबर्गर यांच्या पुस्तिकेने हे साम्य उघड केले, तेव्हा आल्टडॉर्फ गावात ती जाहीरपणे जाळण्यात आली. (भावना दुखावण्याचा रोग केवळ आपला नव्हे.) त्याच गावात १८९५ पासून टेलचा पुतळा उभा आहे. आज स्विस इतिहासकार टेलला आख्यायिकाच म्हणतात आणि पुतळ्यालाही कोणी हात लावत नाही.

गंगाजी नाईक आख्यायिका नव्हेत. मार्च १७३७ अखेर मराठ्यांनी ठाण्याचा अपुरा कोट घेतला, मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांपुढे वसई शरण आली. या मोहिमेमागील अंजूरकर नाईकांची खटपट ‘साष्टीची बखर’ सविस्तर सांगते. अशा माणसाला टेलच्या पंक्तीत बसवणे म्हणजे बढतीच्या नावाखाली पदावनती होय.

तथापि बखरीचा शब्द हा अखेरचा शब्द नव्हे. ती नाईकांच्या बाजूने बोलते. सरदेसाईंनी संपादिलेल्या पेशवे दप्तरातील वसई मोहिमेची पत्रे तिच्याशेजारी ठेवल्याविना तिचे वाक्य ‘पुरावा’ म्हणून मिरवणे हा भक्तिभाव झाला, इतिहास नव्हे.

प्रवासातून आणायचेच असेल तर दुसरे काही आणावे. गोठार्डच्या जुन्या रेल्वे बोगद्यात गाडी शिरते तेव्हा उत्तरेला गोशेनेनमध्ये जर्मन चालते. पंधरा किलोमीटरनंतर आयरोलोला बाहेर पडावे तर इटालियन. जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श या चारही तिथल्या राष्ट्रीय भाषा आहेत. त्या देशाचा इतिहास एका भाषेत वाचणारा अर्धाच वाचतो.

अंजूरच्या खाडीचेही तेच. अलीकडचे कागद मोडीत, पलीकडच्या साष्टीचे पोर्तुगीजमध्ये. वसई जिंकल्याचा अभिमान बाळगणाऱ्या किती तरुणांनी हरलेल्यांचे एक तरी पत्र वाचले आहे? गोव्याच्या पुराभिलेखागारात आयुष्य घालवलेल्या पांडुरंग पिसुर्लेकरांनी हे काम केले आणि ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ मराठीतच लिहिला. तो वाचण्यासाठी व्हिसा लागत नाही.