नोंदवहीतील रिकामा रकाना

बर्लिन येथे 1891 साली स्थापन झालेली आणि आज रोबर्ट कोख यांचे नाव धारण करणारी संस्था जर्मनीतील साथरोगांचे मध्यवर्ती दप्तर सांभाळते. तरीही 2022 च्या अखेरीस अ गटातील स्ट्रेप्टोकॉकसचे आक्रमक संसर्ग तेथे वाढू लागले, तेव्हा या आजाराची देशव्यापी सक्तीची नोंदच नसल्याने, ती वाढ प्रतिजैविक-रोधाच्या पाहणीसाठी प्रयोगशाळांनी धाडलेल्या अहवालांतून शोधून काढावी लागली.

तेथील संसर्गविषयक कायद्याच्या 34 व्या कलमान्वये बालवाडीतील मुलास स्कार्लेट ज्वर आला, तर चालकांनी आरोग्य कचेरीस वर्दी देणे बंधनकारक. परंतु तोच जंतू एखाद्या प्रौढाच्या रक्तात शिरला, तर या रोगाच्या नावाने वर्दी देण्याचे बंधन नव्हते. उलट इंग्लंडने 2010 पासून हा आजार सक्तीच्या नोंदीत घेतल्याने तेथील आठवड्यागणिक चढउतार आरोग्य खात्यापुढे होते. 15 डिसेंबर 2022 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने वाढ कळवणाऱ्या ज्या पाच देशांची नावे प्रसिद्ध केली, त्यांत ब्रिटन होते, जर्मनी नव्हती.

यातून आपल्या व्यवसायबंधूंनी घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. रोगाचा कल हा रुग्णशय्येपाशी केलेल्या नोंदींतूनच सिद्ध होतो. आणि कल्चर पाठविण्याचे प्रमाण वाढले की रोग वाढला, हा भेदही एकूण तपासण्यांची संख्या जपून ठेवल्यावाचून कळत नाही.

पायाच्या किरकोळ जखमेनंतर असा आक्रमक संसर्ग होऊन आलेला रुग्ण डोळ्यांपुढे आणावा : लाली जेमतेम चार बोटे, वेदना मात्र तिच्या मानाने असह्य; लालीच्या कडेने शाईची रेघ ओढून शेजारी वेळ लिहावी, तर काही तासांतच लाली रेघेपलीकडे जाते. अशा वेळी पेनिसिलिन, जंतूची विषनिर्मिती दाबणारे क्लिंडामायसिन आणि शल्यचिकित्सकाचे पाचारण यांपैकी कशालाच विलंब खपत नाही. परंतु पहिल्या मात्रेपूर्वी रक्त काढून कल्चरच्या बाटलीत घालण्यास दोन-चार मिनिटे पुरतात, आणि त्या बाटलीवाचून हा रुग्ण कोणत्याच गणतीत येत नाही.

म्हणून आमची आग्रहाची विनंती अशी, की तालुक्याच्या लहान रुग्णालयानेही अशा प्रत्येक रुग्णाचे वय, आदली जखम, कांजिण्या, फ्ल्यू वा बाळंतपण, कल्चरचा निकाल आणि अखेरची परिणती एका स्वतंत्र वहीत आजपासून उतरवून ठेवावी. पुढील हिवाळ्यात वाढ झाली किंवा कसे, हे सांगण्यास तीच वही उपयोगी पडेल.