येणं, देणं आणि आबा

महिन्याची २६ तारीख होती. ही तारीख म्हणजे काय चीज असते, हे ईएमआय भरणाऱ्या कुणालाही वेगळं सांगायला नको. क्रेडिट कार्डाचं बिल आ वासून उभं आणि पगाराला अजून चार-पाच दिवस! अशात आमच्या ऑफिसच्या पॅन्ट्रीत चहा करणारे दादा माझ्या डेस्कपाशी आले. उगाच टेबल पुसल्यासारखं केलं आणि हळूच म्हणाले, "मॅडम, पोरीच्या अ‍ॅडमिशनला पंधरा हजार कमी पडतायत. दोन-तीन महिन्यांत फेडतो."

मी काय म्हटलं असेल? आपण सगळे म्हणतो तेच. "मंथ एंड आहे हो दादा... बघते."

"काही हरकत नाही मॅडम," म्हणून ते गेले. मी लॅपटॉपवरची दुसरी विंडो पुन्हा उघडली. तिच्यात अलिबागच्या व्हिलाचं वीकेंड बुकिंग अर्धवट राहिलं होतं. माझा वाटा, चौदा हजार.

खोटं काय, आपण रोजच बोलतो. पण ते इतक्या सफाईने बोलले, याचंच मला कसंतरी झालं. आणि नेमकी तेव्हाच खिडकीच्या काचेतून ती चिमणी दिसली.

आमचं ऑफिस लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात आहे. गिरणी गेली, चिमणी तेवढी उरलीय. नवीन जॉइन झालेले तिच्यासमोर सेल्फी काढतात. २०१७ साली मीही काढला होता आणि घरी मिरवत दाखवला होता. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, फोन डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "हिच्या मागल्या गल्लीत माजा साचा हुता."

साचा म्हणजे माग. कापड विणायचा.

आबा फलटण तालुक्यातले, तरडगावच्या बाजूचे. चौथी पास. १९५६ साली, अठराव्या वर्षी, गावच्या एका माणसाचा पत्ता खिशात घेऊन मुंबईत उतरले. आधी काही वर्षं बदली कामगार. म्हणजे रोज सकाळी गिरणीच्या गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर आत घेणार, नाहीतर परत. मग कायम झाले. साचाखात्यात शेकडो माग एकदम धडधडायचे, त्यामुळे तिथले लोक एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलायचे. आबांचे कान त्यातच गेले. ते फोनवर बोलू लागले की अख्ख्या मजल्याला कळायचं.

लालबागच्या चाळीत दहा बाय बाराची खोली. त्यात घरची पाच माणसं आणि गावाकडून आलेले कुणी ना कुणी तीन-चार जण. एक पहिल्या पाळीला निघाला की त्याच्या जागेवर रात्रपाळीहून आलेला आडवा व्हायचा. (आपल्याकडे याला 'हॉट डेस्किंग' म्हणतात आणि एचआर त्याचं प्रेझेंटेशन करतं!)

आबांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. एकादशीला उपास आणि चाळीतल्या भजनी मंडळात टाळ. आवाज म्हणाल तर... जाऊ दे. आषाढी वारीला पूर्ण जायचं तर तीन आठवडे हवेत, तेवढी रजा कोण देणार? मग ते दोनच दिवस गावी जायचे. ज्ञानेश्वर माऊलींची पालखी लोणंदहून तरडगावकडे येते, वाटेत चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण होतं. आमच्या घरच्या बायका भाकरी-पिठलं करायच्या आणि आबा वारकऱ्यांना वाढायचे, त्यांचे पाय चेपायचे. आळंदी ते पंढरपूर पायी ते एकदाच चालले, साठी ओलांडल्यावर. परत आल्यावर मी विचारलं, "आबा, दर्शन झालं?" तर म्हणाले, "लई गर्दी हुती. कळसाचं घेतलं." आणि पायाचे फोड कौतुकाने दाखवत बसले.

मग १८ जानेवारी १९८२. गिरण्यांचा संप. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, असं सांगतात. आबांची गिरणी त्यांच्यासाठी कायमची बंद झाली. चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांनी पहाटे दादरहून भाजी आणून हातगाडीवर विकायला सुरुवात केली आणि रात्री एका बिल्डिंगची वॉचमनकी धरली.

इथपर्यंतची गोष्ट मी लहानपणापासून अभिमानाने सांगत आलेय. पुढची पप्पांनी खूप उशिरा सांगितली.

पप्पा त्याच वर्षी बारावी झाले. मार्क चांगले होते, इंजिनीअरिंगला जायचं होतं. त्यासाठी आजीच्या सोन्याच्या पाटल्या मोडल्या. पैसे घरात आले आणि त्याच आठवड्यात शेजारच्या खोलीतल्या बाईंचं बाळंतपण अडलं. तिचा नवराही संपावर. आबांनी निम्मे पैसे उचलून त्याला दिले. आई-बाळ वाचले. उरलेले निम्मे घर चालवण्यात गेले. पप्पा अठराव्या वर्षी एका ऑफिसात क्लार्क म्हणून चिकटले आणि तिथूनच रिटायर झाले.

"तुझे आबा देवमाणूस," पप्पा एकदा मला म्हणाले होते, "पण देवमाणसाच्या घरात राहून बघ."

मला तेव्हा पप्पांचा राग आला होता. आज वाटतं, चाळीतल्या त्या बाळाच्या जन्माचं बिल माझ्या बापाने भरलं. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

आबांनी हात आखडला नाहीच. गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीचा फॉर्म भरला, नंबर लागला नाही. शेजाऱ्याचा लागला, तर स्वतः पेढे घेऊन त्याच्याकडे गेले! आजी दोन दिवस बोलली नव्हती.

२०१९ मध्ये आबा गेले. तेराव्याला चाळीच्या जिन्यापर्यंत माणसं होती. अर्ध्यांना आम्ही ओळखतही नव्हतो. प्रत्येक जण तेच सांगत होता, आबांनी अमुक वेळेला हात दिला. रात्री काका म्हणाले, "एवढ्या लोकांना दिलंय तर कुठेतरी लिहून ठेवलं असेल ना?"

ट्रंकेत लाल पुठ्ठ्याची लांबट वही सापडली. पेन्सिलीतलं, चौथी पास अक्षर. किराणा, १२५. खानावळवाली मावशी, ४०. डॉक्टर, ६०. फेडलं की आडवी रेघ. सगळं वाचून झालं तरी कुणाकडून किती यायचंय, याची एकही नोंद नाही. वहीत फक्त आबांचं देणं.

काकांनी पुन्हा पहिल्यापासून चाळली. आजी कोपऱ्यातून म्हणाली, "न्हाई सापडायचं. मी बी इचारलं हुतं येकदा. तर म्हनले, देनं लिवायचं आसतं. येनं लिवलं की मानूस वसुलीला निगतो."

आम्ही हसलो. मग शेवटचं पान आलं. सगळ्या ओळींवर रेघा होत्या, एका ओळीवर नव्हती.

'थोरला, कालिज.' पुढे रक्कम नाही.

थोरला म्हणजे पप्पा. त्यांनी वही हातात घेतली, बराच वेळ बघितली आणि "चहा टाकतो" म्हणून आत गेले. दहा मिनिटं झाली तरी गॅस पेटल्याचा आवाज आला नाही. कुणी आत गेलं नाही.

मागच्या वर्षी ट्रंक आवरताना मी ती वही पुन्हा उघडली. त्या ओळीवर आता रेघ होती. आबा कायम पेन्सिल वापरायचे. ही रेघ निळ्या बॉलपेनची होती. घरात हा विषय अजून कुणी काढलेला नाही. मीही नाही, आज पहिल्यांदा तुमच्यापाशीच.

तर, २६ तारीख. चिमणीकडे बघत हे सगळं आठवलं. पॅन्ट्रीत गेले आणि दादांचा नंबर घेऊन पंधरा हजार पाठवले. अलिबागला गेले नाही. त्यागबिग काही नाही हो! पैसे एकदाच होते, दोन ठिकाणी कुठून जाणार? ग्रुपवर चार जणांनी रडके इमोजी टाकले आणि शनिवारी समुद्राचे फोटो पाठवून मला व्यवस्थित जळवलं. जळलेही.

त्या दिवशी सवयीने फोनच्या नोट्समध्ये 'दादा, १५,०००' असं टाइप केलं होतं. थोडा वेळ बघितलं, मग डिलीट केलं. आणि त्याच जागी नवीन यादी सुरू केली, देण्याची. पहिल्या ओळीत 'पप्पा' लिहिलं.

रक्कम काय टाकायची ते सुचेना. तशीच ठेवलीय.