हात आपले, नावही आपलंच हवं



वारली घरात लग्न असलं की भिंतीवर चौक काढण्याचा मान सवाशिणींचा. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बांबूची काडी आणि मधोमध पालघट देवी. ही विद्या बाईकडून बाईकडे आली. 1970 च्या दशकात हे चित्र भिंतीवरून कागदावर आणि मग बाजारात गेलं. 2011 साली पद्मश्री मिळालेले जिव्या सोमा म्हसे थोर कलावंत होते, यात वादच नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या चौक काढणाऱ्या सवाशिणींपैकी एकीचं तरी नाव आपल्याला सांगता येईल का? बाईचं कसब ‘परंपरा’ ठरतं आणि परंपरेला मालकीण नसते.

आज हाच प्रश्न आपल्या उपनगरांत वेगळ्या रूपात उभा आहे. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत कितीतरी जणी गोधड्या, क्रोशाचं विणकाम, दागिने, वारली चित्रं घरी करतात आणि इंटरनेटवर विकतात. फोटो टाकला की गिऱ्हाईक येतं, तशी नक्कल करणाराही येतो.

कायदा इथे किती कामाचा? 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुम्ही काढलेल्या चित्रावर, फोटोवर तुमचा हक्क ते तयार होताच निर्माण होतो. नोंदणी सक्तीची नाही. पण तो हक्क चित्रावर असतो, चित्र काढण्याच्या पद्धतीवर नाही. 2000 च्या डिझाइन कायद्याखाली नमुना नोंदवता येतो, मात्र तो जगाला दाखवण्याआधी अर्ज करावा लागतो. वारली चित्रांना 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याने ‘वारली’ या नावाला संरक्षण मिळतं, एखादीच्या हातातल्या खुबीला नाही. म्हणजे हातातलं कसब कायद्याच्या चिमटीत सहसा सापडत नाही.

मग काय, सगळं लपवून ठेवायचं? शेजारणीला टाका शिकवायचा नाही? आम्हाला हे मान्य नाही. शिकवण्यानेच ही विद्या टिकली. आपलं भांडण शेजारणीशी नाही. आपल्या कामावर नाव न देता, दाम न देता कमावणाऱ्याशी आहे.

म्हणून काही गोष्टी अंगवळणी पाडू या. प्रत्येक नव्या नमुन्याचा कच्चा आराखडा आणि फोटो तारखेसह जपून ठेवा. विक्रीसाठी तयार वस्तू दाखवा, करण्याची प्रत्येक पायरी नको. व्यापाऱ्याने नमुना मागितला तर हक्क किती काळासाठी, कुठे आणि किती मोबदल्यात देता, ते लेखी घ्या. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. तुमचा फोटो किंवा चित्र कुणी चोरून इंटरनेटवर लावलं तर त्या संकेतस्थळाला लेखी तक्रार द्या. तक्रार रीतसर असेल तर 36 तासांत मजकूर हटवावा लागतो. मात्र 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर तो पुन्हा लावता येतो.

एकट्या बाईने एकवीस दिवसांत वकील कुठून आणायचा? गटाची गरज इथेच आहे. एकीची तक्रार दहाजणींच्या सहीने जाऊ दे, वकिलाचा खर्च वाटून घेतला जाऊ दे. बचत गटाच्या वहीत कर्जाच्या हप्त्याशेजारी आणखी एक रकाना असू दे: हा नमुना कुणाचा, केव्हाचा.

पुढच्या पिढीने विचारलं, ‘हे कुणी केलं?’ तर उत्तर ‘परंपरेने’ असं नसावं. त्या बाईचं नाव असावं.