मापात बसेल तेच घ्यावे



आपल्या जळगाव-धुळ्याच्या पेढ्यांवर रोजमेळ आणि खतावणी आता लाल बासनाच्या चोपडीत क्वचितच उरली आहे. ती गल्ल्याशेजारच्या लहानशा संगणकात गेली आहे. पेढीवर जागा थोडी असते, म्हणून आपण आटोपशीर पेटीचा संगणक घेतो. पुष्कळदा तो एखाद्या मोठ्या कार्यालयातून निघालेला, वापरलेला असतो. हिशेबापुरता तो उत्तम चालतो. पुढे घरातील मुलगा किंवा मुलगी आरेखन, वास्तुकला, चित्रफीत-संपादन असे काही शिकू लागते आणि त्याच पेटीत ग्राफिक्स कार्ड बसविण्याची मागणी होते. या मागणीचा निर्णय आमच्या घरी चुकीच्या रीतीने झाला. तीच हकिगत या वेळी सांगतो, कारण तशी चूक इतर घरांतही होऊ शकते.

माझा पुतण्या दागिन्यांचे त्रिमित आरेखन शिकतो. जळगावच्या सराफ बाजारात पूर्वी कारागीर कागदावर नक्षी काढीत. आता अंगठीचा साचा घडण्यापूर्वी तिची प्रतिमा पडद्यावर सर्व बाजूंनी फिरवून पाहतात. त्या प्रतिमेत सोन्याची झळाळी आणि खड्यांतील प्रकाश दाखविण्यास संगणकाला फार मोठे गणित करावे लागते. पुतण्या म्हणाला, ‘‘काकासा, आपल्या संगणकात एक कार्ड बसवू या.’’ माझ्या मनात पहिला विचार आला तो मारधाडीच्या खेळांचा. मी काही विचारले नाही, समजूनही घेतले नाही. एक रक्कम ठरवून दिली आणि म्हटले, ‘‘एवढ्यात बसेल ते आण.’’

त्याने बाजारातून आणलेले कार्ड आरटीएक्स ३०५० या नावाचे, ८ जीबी स्मृतीचे होते. त्याला सुमारे १३० वॅट वीज लागते. संगणकाच्या मुख्य फलकावरील ज्या खाचेत असे कार्ड बसते, ती खाच जास्तीत जास्त ७५ वॅट पुरवू शकते. उरलेली वीज पॉवर सप्लायमधून वेगळ्या तारेने द्यावी लागते. आमच्या संगणकाचा पॉवर सप्लाय २४० वॅटचा, आणि त्यात अशी तार मुळी नव्हतीच. दुकानदाराने हार्ड डिस्कसाठी असलेल्या तारेला एक जोडतार लावून दिली. डिस्कच्या त्या जोडाची क्षमता ५४ वॅटच्या आसपास असते. पुतण्याने प्रतिमा तयार करावयास लावली आणि अर्ध्या तासात जळका वास आला. जोडाचे प्लॅस्टिक वितळले होते आणि पॉवर सप्लाय निकामी झाला होता.

तो मे महिना होता, तारीख १८. मासिक विवरण भरणाऱ्यांसाठी जीएसटीच्या ३बी विवरणाची मुदत २० तारखेस संपते, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. पॉवर सप्लाय त्या कंपनीच्या खास आकाराचा असल्याने गावात मिळेना. हिशेबाची शेवटची प्रत आमच्या करसल्लागारांकडे होती, पण ती बरीच जुनी. बिलबुकातून सर्व नोंदी पुन्हा करण्यात दोन रात्री गेल्या. घरातील सुनाही त्या कामाला बसल्या. विवरण वेळेत गेले. त्या दोन दिवसांत मी पुतण्याला जे बोललो, ते मात्र बोलावयास नको होते.

नंतर शांतपणे बेरीज मांडली. प्रोसेसर ६५ वॅट, कार्ड १३० वॅट, फलक, डिस्क आणि पंखे मिळून अंदाजे ४५ वॅट. एकूण २४० वॅट. पॉवर सप्लायची क्षमताही नेमकी तेवढीच. ज्या काट्याची मर्यादा शंभर किलोची आहे, त्यावर आपण रोज शंभर किलोचे पोते टाकीत नाही. ही बेरीज मला दोन मिनिटांत करता आली असती. ती न करता मी केवळ रक्कम ठरविली होती. दोष माझा होता.

आता, ज्यांच्या घरी हा प्रश्न येईल त्यांच्यासाठी क्रमाने सांगतो.

पहिला प्रश्न गरजेचा. हिशेब, ई-मेल, बिले छापणे आणि दोन पडदे जोडणे एवढ्यासाठी वेगळे कार्ड लागत नाही; बहुतेक कार्यालयीन संगणकांच्या प्रोसेसरमध्येच ती सोय असते. त्रिमित आरेखन आणि चित्रफीत-संपादन यांसाठी मात्र कार्डाचा खरा उपयोग होतो. परिग्रहाचे परिमाण करताना आपण वस्तू मोजतो, त्याआधी इच्छा तपासतो. येथेही तोच क्रम योग्य आहे. मात्र ती तपासणी मुलाशी बोलून करावी, संशयाने नव्हे.

दुसरा प्रश्न मापाचा. पेटी उघडून फूटपट्टीने मोजावे. पूर्ण उंचीच्या कार्डाची मागची धातूची पट्टी सुमारे १२ सेंटिमीटर असते, तर सडपातळ पेटीत बसणाऱ्या अर्ध्या उंचीच्या कार्डाची सुमारे ८ सेंटिमीटर. कार्डाची लांबी आणि जाडीही पाहावी. एका खाचेची जागा साधारण २ सेंटिमीटर असते आणि पुष्कळ कार्डे दोन खाचांची जागा अडवितात. अर्ध्या उंचीची पट्टी कार्डासोबत खोक्यात आहे ना, हे दुकानातच पाहून घ्यावे.

तिसरा प्रश्न विजेचा. पॉवर सप्लायवरील चिठ्ठी वाचावी, वरीलप्रमाणे बेरीज करावी आणि किमान एक-चतुर्थांश क्षमता शिल्लक राहील असे पाहावे. लहान पेटीसाठी, ज्याला वेगळी तार लागत नाही, म्हणजे ७५ वॅटच्या आतले कार्ड हाच सुरक्षित मार्ग. जोडतारेचा उपाय कोणी सुचविल्यास नम्रपणे नकार द्यावा.

चौथा प्रश्न मालाच्या ओळखीचा. नाव एक आणि माल दोन, हा प्रकार आपल्या धंद्यात नवा नाही. येथेही तो आहे. जीटी १०३० हे कार्ड दोन प्रकारच्या स्मृतीसह विकले गेले. जीडीडीआर५ प्रकाराच्या तुलनेत डीडीआर४ प्रकारात स्मृतीचा वेग जेमतेम एक-तृतीयांश आहे. आरटीएक्स ३०५० चेही तसेच: ८ जीबीचे कार्ड १३० वॅट घेते, तर २०२४ साली आलेले ६ जीबीचे ७० वॅट, आणि त्यास बहुधा वेगळी तार लागत नाही. आरएक्स ६४०० हे ५३ वॅटचे कार्ड लहान पेटीत सहज मावते, पण त्यात चित्रफीत संकुचित करून साठविण्याची यंत्रणा नाही. संपादन करणाऱ्याने ते टाळावे. म्हणून बिलावर केवळ नाव नको. स्मृतीचा आकार, प्रकार आणि अनुक्रमांकही लिहून घ्यावा. वापरलेले कार्ड घेताना विशेष सावध असावे. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली, तेव्हा त्या कामी रात्रंदिवस राबलेली कार्डे मोठ्या संख्येने बाजारात आली होती.

बसविताना सर्वप्रथम हिशेबाची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि ती उघडते का हे पाहावे. मग संगणक बंद करून तार भिंतीतून काढावी, चालू करण्याची कळ काही क्षण दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी, आणि हात पेटीच्या धातूला लावून मगच आत घालावा. आपल्या भागात धूळ फार. दाण्याच्या आणि सरकीच्या गोदामाजवळ तर भुसाही. पेटी उघडताच फुंकर किंवा हवेचा झोत मारू नये. उबेला मुंग्या, कोळी, कधी पालीची अंडी असतात. आधी नीट पाहावे, मऊ पूंजणीने जयणापूर्वक जीवांना बाजूला करावे, नंतर धूळ काढावी. कार्ड खाचेत सरळ दाबावे, खटका बसला की स्क्रू लावावा. पडद्याची तार आता कार्डाला जोडावी, जुन्या जागी नव्हे. चालक-प्रणाली टाकल्यावर तासभर काम देऊन उष्णता पाहत राहावे. खानदेशच्या उन्हाळ्यात पारा ४२ अंशांपुढे जातो, तेव्हा भिंतीला चिकटवून ठेवलेली पेटी गुदमरते. चारही बाजूंना हातभर मोकळी हवा हवी.

आमच्या घरी शेवटी ६ जीबीचे, ७० वॅटचे कार्ड आले. बेरीज १८० वॅट झाली, म्हणजे क्षमतेच्या तीन-चतुर्थांश. हिशेबाचा संगणक आता वेगळा आहे, आणि रोज संध्याकाळी दुकान वाढविण्यापूर्वी त्याची प्रत घेतली जाते.

गेल्या संवत्सरीला प्रतिक्रमणानंतर आम्ही घरी परतलो. प्रथेप्रमाणे पुतण्या पाया पडावयास आला. मी त्याला थांबविले आणि आधी मीच हात जोडून मिच्छामि दुक्कडम् म्हटले. कशाबद्दल, तेही सांगितले. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला पेढीवर बोलावून पडद्यावर एक अंगठी फिरवून दाखविली. तिच्यातील खड्याचा कोन किती ठेवावा, हे त्याने मला विचारले. इतक्या वर्षांत माझे मत त्याने प्रथमच मागितले होते.