कोअर आठ, राबतो एकच!

तुमच्या लॅपटॉपला आठ कोअर आहेत? सॉल्लिड! पण एखादी मोठी फाइल अनझिप करताना बहुतेक वेळा त्यातला एकच राबतो, बाकीचे सात कटिंग पीत बसतात. अगदी आपल्या ऑफिससारखं! दोष त्यांचा नाही. डेव्हिड हफमनच्या १९५२ च्या पद्धतीत वारंवार येणाऱ्या अक्षराला छोटा कोड, क्वचित येणाऱ्याला लांबडा. जागा वाचते, पण आधीचा कोड वाचल्याशिवाय पुढचा कुठे सुरू होतो तेच कळत नाही. मग मधूनच कोण सुरुवात करणार?

यावरचा फंडा म्हणजे कामाची वाटणी. एनव्हिडियाच्या जीडिफ्लेटमध्ये डेटाचे ६४ केबीचे स्वतंत्र तुकडे पाडतात. ग्राफिक्स कार्ड असे कितीतरी तुकडे एकदम सोडवतं. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये डायरेक्टस्टोरेज १.१ मधून हे विंडोजवरच्या गेम्ससाठी खुलं केलं.

किंमत? प्रत्येक तुकडा मागचं सगळं विसरून पहिल्यापासून सुरू होतो, म्हणून फाइल थोडी फुगते. मला विचाराल तर सौदा परवडतो. डिस्क काय, विकत मिळते. लोडिंगच्या पट्टीकडे बघण्यात गेलेली संध्याकाळ मिळत नाही, बॉस!