किल्ली फिरवण्याआधी दोन फेरे

मोटारीचा टायमिंग बेल्ट घरच्या घरी बदलावा काय? ‘ते मिस्त्रीचे काम, आपण हात लावू नये,’ असे बहुतेक वडीलधारी मंडळी सांगतील. माझे मत थोडे निराळे आहे. बदलण्यास हरकत नाही. मात्र बदलणाऱ्यास एका साध्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक हवे.

प्रथम हा पट्टा काय करतो ते पाहू. दट्ट्यांच्या वरखाली होण्याने क्रँकशाफ्ट फिरतो. कॅमशाफ्ट झडपा उघडतो. या दोहोंची सांगड हा दातेरी रबरी पट्टा घालतो. आपल्या मारुती ८०० मध्येही तो होता. काही गाड्यांत त्याऐवजी साखळी असते.

शोषण, संपीडन, शक्ती आणि उत्सर्जन हे चार टप्पे तुम्ही पाठ केलेच असतील. ते पुरे होईपर्यंत क्रँक दोनदा फिरतो, पण प्रत्येक झडप एकदाच उघडायची असते. म्हणून कॅमच्या चाकाला क्रँकच्या चाकाच्या दुप्पट दाते असतात. समजा, क्रँकच्या चाकाला २० दाते आहेत. पट्टा एक दात चुकला, की क्रँकच्या मापाने १८ अंशांची चूक झाली! बऱ्याच इंजिनांत उघडी झडप आणि वर आलेला दट्ट्या एकाच जागेत, पण वेगवेगळ्या वेळी येतात. पट्टा तुटला किंवा फार चुकला, तर दोघांची टक्कर होते आणि झडपा वाकतात.

म्हणूनच जुना पट्टा काढण्यापूर्वी दोन्ही चाकांवरील खुणा गाडीच्या माहितीपुस्तिकेप्रमाणे जुळवून घ्यायच्या. इंजिन थंड हवे, बॅटरी सोडवलेली हवी, आणि शेजारी जाणते माणूस हवे. नवा पट्टा बसवून ताण दिल्यावर लगेच किल्ली फिरवू नये. स्पार्क प्लग काढून, पान्ह्याने क्रँक त्याच्या नेहमीच्या दिशेने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवावा. खुणा पुन्हा जुळल्या पाहिजेत. मध्येच काही अडले, तर जोर लावू नये; धातूला धातू टेकला असण्याचा संभव आहे.

आता तो प्रश्न: फेरे दोनच का? एक का पुरत नाही? एका फेऱ्यानंतर क्रँकची खूण जागेवर येते, पण कॅमची खूण नेमकी विरुद्ध बाजूस असते. हे ज्याला स्वतः सांगता येईल, त्याने खुशाल पान्हा उचलावा. ज्याला येत नसेल, त्याने परीक्षेत कितीही गुण मिळवलेले असोत, गाडी मिस्त्रीकडे न्यावी.

शिक्षकमित्रांना एक विनंती. चार टप्प्यांचा धडा शिकवून झाला, की वर्ग जवळच्या गॅरेजमध्ये न्या. पट्टा बसवून झाल्यावर मिस्त्री पान्हा किती वेळा फिरवतो, ते मुलांना मोजू द्या. कारण मात्र त्यांनीच शोधावे.